रिपन : रिपब्लिकन पक्षाचे जन्मगाव आणि त्याचा कौल

रिपन हे अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील फॉन्ड-डू-लॅक काउंटीतले गाव. लोकवस्ती आठ हजारांच्या आत. एक जुने कॉलेज, कपडे धुण्याच्या यंत्रांचा कारखाना आणि आसपासची शेती यांवर गावाचा चरितार्थ चालतो. अमेरिकेच्या इतिहासात मात्र ते रिपब्लिकन पक्षाचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाते.

गावाची सुरुवातच एका सामाजिक प्रयोगाने झाली. फ्रेंच विचारवंत शार्ल फूरिए यांच्या सामुदायिक जीवनाच्या कल्पनेने भारलेल्या काही कुटुंबांनी 1844 मध्ये येथे सेरेस्को ही वसाहत वसवली. जमीन सामायिक, श्रमही सामायिक. 1850 मध्ये वसाहत विसर्जित झाली, पण सुधारणेची ओढ असलेली माणसे इथेच राहिली. शेजारी डेव्हिड मेप्स यांनी 1849 मध्ये दुसरे गाव वसवले आणि इंग्लंडमधील रिपनवरून त्याला नाव मिळाले. भारताचे व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांची पदवीही त्याच इंग्रजी गावाची. पुढे सेरेस्को विस्कॉन्सिनमधील या रिपनमध्येच सामावले. न्यू यॉर्क आणि न्यू इंग्लंडमधून आलेल्या प्रोटेस्टंट कुटुंबांचा येथे वरचष्मा होता आणि त्यांच्यात गुलामगिरीविरोधी मत प्रबळ होते.

या मताला 1854 च्या जानेवारीत धार आली. मिसूरी तडजोडीने 1820 मध्ये पश्चिमेकडील प्रदेशात 36 अंश 30 मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेस गुलामगिरीला बंदी घातली होती. सिनेटर स्टीफन डग्लस यांच्या कॅन्सस-नेब्रास्का विधेयकाने ती बंदी उठवून निर्णय तेथील वसाहतकऱ्यांवर सोपवण्याचा प्रस्ताव ठेवला. व्हिग पक्ष 1852 च्या अध्यक्षीय निवडणुकीतील पराभवानंतर खिळखिळा झाला होता आणि गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करणाऱ्या फ्री सॉइल पक्षाची ताकद मर्यादित होती. गुलामगिरीच्या विरोधकांना एकत्र आणणारा पक्षच उरला नव्हता.

रिपनमधील वकील ॲल्व्हन बोव्हे हे स्वतः व्हिग. नव्या पक्षाची कल्पना त्यांनी न्यू यॉर्कचे संपादक होरेस ग्रीली यांच्यापुढे आधीच मांडली होती. फेब्रुवारीच्या अखेरीस गावातल्या चर्चमध्ये एक सभा झाली. त्यानंतर बोव्हे घरोघर आणि दुकानोदुकानी फिरले, रस्त्यात भेटेल त्याला थांबवून सभेचे आमंत्रण दिले. 20 मार्च 1854 रोजी संध्याकाळी एका खोलीच्या शाळेत लोक जमले. व्हिग आणि फ्री सॉइल या दोन्ही पक्षांच्या स्थानिक समित्या बरखास्त करून पाच जणांची नवी समिती नेमली गेली : तीन व्हिग, एक फ्री सॉइलवाला, एक डेमोक्रॅट. जन्मस्थानाच्या मानावर मिशिगनमधील जॅक्सन हे गावही हक्क सांगते, कारण 6 जुलै 1854 रोजी तेथे पहिले मोठे राज्य अधिवेशन भरले. रिपनचा दावा आधीच्या तारखेवर उभा आहे.

गावाची ही निष्ठा सभेपुरती नव्हती. पळून आलेल्या एका गुलामाच्या सुटकेत भाग घेतल्याबद्दल शर्मन बूथ या संपादकावर खटला झाला होता. समर्थकांनी 1860 च्या ऑगस्टमध्ये त्यांना कैदेतून सोडवून रिपनला आणले, तेव्हा त्यांना पकडायला आलेल्या अधिकाऱ्याला गावच्या जमावाने हात लावू दिला नाही. त्याच वर्षी रिपब्लिकन उमेदवार लिंकन विस्कॉन्सिनमध्ये विजयी झाले. यादवी युद्ध संपले, गुलामगिरी गेली. या यशाची दखल महात्मा फुल्यांनीही घेतली : 1873 चा ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ त्यांनी अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला.

1856 ते 1920 या काळात विस्कॉन्सिनने अध्यक्षपदासाठी केवळ दोनदा, 1892 आणि 1912 मध्ये, डेमोक्रॅट उमेदवाराला कौल दिला. मत ठरत असे ते मुख्यतः वंश आणि धर्म यांवर. रिपनसारखी यांकी (न्यू इंग्लंडवंशीय) प्रोटेस्टंट गावे रिपब्लिकन, तर काउंटीच्या पूर्वेकडील जर्मन कॅथलिक वस्त्या डेमोक्रॅट. शाळेत इंग्रजी सक्तीची करणाऱ्या 1889 च्या बेनेट कायद्याने जर्मन मतदार खवळले आणि पुढच्याच वर्षी राज्याची सत्ता डेमोक्रॅटांकडे गेली. दोन महायुद्धांच्या काळात डेमोक्रॅट अध्यक्षांनी जर्मनीविरुद्ध भूमिका घेतल्याने याच जर्मन मतांचा ओघ रिपब्लिकनांकडे वळला. दरम्यान विस्कॉन्सिनमधील नेते ला फॉलेट बंधू यांचा प्रोग्रेसिव्ह पक्ष 1934 मध्ये याच काउंटीत, फॉन्ड-डू-लॅक शहरात, स्थापन झाला आणि 1946 मध्ये मावळला.

1964 नंतर या काउंटीत एकाही डेमोक्रॅट अध्यक्षीय उमेदवाराला मताधिक्य मिळालेले नाही. 2020 आणि 2024 मध्ये रिपब्लिकन उमेदवाराने येथे साठ टक्क्यांहून अधिक मते घेतली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी कमला हॅरिस यांनी रिपब्लिकन नेत्या लिझ चेनी यांच्यासह मुद्दाम रिपनला सभा घेतली, तरी काउंटीचा कौल बदलला नाही.

पक्ष तोच राहिला, त्यामागचे प्रश्न आणि मतदार मात्र बदलत गेले. हे लवकर ओळखणाऱ्यांत बोव्हेही होते. गुलामगिरी संपल्यावर पक्षाचे मूळ काम पुरे झाले असे मानून त्यांनी 1874 मध्ये रिपब्लिकन पक्ष सोडला आणि ते दारूबंदीवादी पक्षात गेले.