चवीपुरते मीठ आणि साबणाचे पाणी

मिठाचा आणि साबणाचा संबंध काय, असे कोणी विचारले तर आपल्याला हसू येईल. मीठ स्वयंपाकघरात, साबण न्हाणीघरात! पण वाचकहो, साबण करणाऱ्या कारागिराला हा संबंध शेकडो वर्षे ठाऊक होता. कढईत तेल आणि क्षार उकळून चिकट खळ झाली, की तो तीत मीठ टाकी. मग साबण नासलेल्या दुधासारखा फुटून वर येई आणि खारे पाणी ग्लिसरीनसह खाली राही. असे का होते, हे मात्र त्याला सांगणारे कोणी नव्हते.

त्या उत्तराची वाट ज्यांनी उघडली, ते गृहस्थ पुढे आपल्या पुण्यातच आले. कॅनडात १८८२ साली जन्मलेले जेम्स विल्यम मॅकबेन हे ते रसायनशास्त्रज्ञ. इंग्लंडात ब्रिस्टलला असताना ते साबणाच्या पाण्यातून वीज सोडून पाहत. विरघळलेल्या कणांची संख्या अजमावली तर ती थोडी भरे. वीज मात्र त्या मानाने पुष्कळ वाहे. हे कोडे सुटायचे कसे? १९१३ साली लंडनच्या फॅरडे सोसायटीपुढे त्यांनी विचार मांडला, की साबणाचे कण पाण्यात सुटे न राहता घोळका करतात आणि त्या घोळक्यावर विद्युत्‌भार असतो. त्या वेळी हे अनेकांना पटले नाही. आज हाच ‘मायसेल’ पाठ्यपुस्तकांत शिकवला जातो.

आता मिठाकडे वळू. या घोळक्यात पाण्याला भिणाऱ्या शेपट्या आत असतात आणि विद्युत्‌भार असलेली डोकी बाहेर. ही डोकी एकमेकांना दूर लोटतात, म्हणून घोळका गोल राहतो. थोडे मीठ घातले, की मिठाचे कण मध्ये येऊन ही लोटालोटी शमवतात. डोकी जवळ येतात आणि गोळ्याचा लांबट दोरा होतो, केसाहून हजारोपट बारीक. असे असंख्य दोरे भांड्यातल्या शेवयांसारखे गुंततात, आणि पाण्यासारखा पातळ द्राव मधासारखा संथ वाहू लागतो. मीठ आणखी वाढवले, तर दोऱ्यांना फांद्या फुटतात, गुंता सैल पडतो आणि द्राव पुन्हा पातळ होतो. त्याहून अतिरेक केला, की कढईतल्यासारखी फारकत! स्वयंपाकाप्रमाणे येथेही मीठ चवीपुरतेच हवे.

मिठामुळे घोळका लांबट होतो, याचा प्रकाशाच्या साहाय्याने पुरावा अमेरिकेत डिबाय आणि अनॅकर यांनी १९५१ साली दिला. त्या सुमारास मॅकबेन कोठे होते? पाषाणला! आपल्या कर्वेनगराहून कोथरूड मागे टाकून वेताळ टेकडीपलीकडे गेले, की राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा लागते. ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले, आणि तिचे पहिले संचालक होते सदुसष्ट वर्षांचे मॅकबेन. १९५३ साली ते वारले.

नव्या देशाने आपली रसायनशाळा ज्यांच्या हाती सोपवली, त्यांचे आयुष्य साबणासारख्या साध्या वस्तूचा विचार करण्यात गेले होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कारागिराच्या हाताला जे कळले होते, त्याचे कारण शोधणे त्यांनी हलके मानले नाही. घरातल्या शाम्पूच्या बाटलीवरील घटकांची यादी एकदा वाचून पाहा. पुष्कळ बाटल्यांवर ‘सोडियम क्लोराइड’ हे नाव सापडेल. ते आपले रोजचे मीठच. शाम्पू हातावर ठरतो तो बहुधा त्याच्याच जोरावर.