फॉर्म भरताना ॲप आपोआप बंद का होतं? समजून घ्या मेमरीचा हिशेब

ऑनलाइन फॉर्म भरताना ओटीपी पाहायला मेसेजमध्ये गेलात आणि परत आलात, तर फॉर्म कोरा! दरवेळी दोष नेटवर्कचाच नसतो. अनेकदा कारण असतं रॅमची वाटणी.

ही वाटणी कोण करतं?

ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल. अँड्रॉइड फोनमध्ये लिनक्स कर्नल असतो.

ॲपला मेमरी कशी मिळते?

ॲपने मेमरी मागितली की कर्नल सहसा लगेच रॅम देत नाही, फक्त पत्ते राखून ठेवतो. ॲप त्या जागेत प्रत्यक्ष काही लिहितं, तेव्हाच रॅमचा तुकडा जोडला जातो. या तुकड्याला ‘पेज’ म्हणतात आणि तो बहुतेक फोनमध्ये ४ केबीचा असतो. मागितलेली सगळी मेमरी सगळेच वापरत नाहीत, या भरवशावर लिनक्स हातात असलेल्या रॅमपेक्षा जास्त मेमरी कबूल करू शकतो. हेच ‘ओव्हरकमिट’.

कर्नलचे नियम वेगळे का?

कर्नलला स्वतःसाठी मेमरी लागते तेव्हा अशी उधारी चालत नाही. लिनक्समध्ये त्याला खरी रॅम तिथल्या तिथे लागते आणि ती स्वॅपमध्ये हलवली जात नाही. जागाही मोजकीच. ६४-बिट इंटेल किंवा एएमडी संगणकावर साध्या प्रोग्रामच्या स्टॅकची मर्यादा सहसा ८ एमबी असते, तर कर्नलमधला स्टॅक जेमतेम १६ केबीचा. काही कामांत, उदाहरणार्थ हार्डवेअरकडून आलेला इंटरप्ट हाताळताना, कर्नलला रॅम मोकळी होण्याची वाट पाहताही येत नाही.

सर्वांत मोठा फरक चुकीच्या परिणामात आहे. ॲपने मेमरीत गडबड केली, तर ते ॲप बंद पडतं. कर्नलने केली, तर अख्खी सिस्टिम कोसळू शकते.

रॅम संपत आली तर?

अँड्रॉइड ॲप्सना महत्त्वानुसार क्रम देतं. स्क्रीनवरचं ॲप शक्यतो वाचवलं जातं, मागे पडून असलेली ॲप्स आधी बंद होतात. तुम्ही मेसेज वाचत असता, तेव्हा फॉर्मचं ॲप नेमकं मागे गेलेलं असतं.

मग काय करायचं?

ओटीपी शक्यतो नोटिफिकेशनमध्येच वाचा. फॉर्म भरण्याआधी गेमसारखी जड ॲप्स बंद करा. ‘सेव्ह ड्राफ्ट’ असेल तर टप्प्याटप्प्याने सेव्ह करत राहा. एरवी मात्र सगळी ॲप्स सतत स्वाइप करून काढायची गरज नाही. ती पुन्हा उघडताना सगळं नव्याने लोड होतं आणि बॅटरी उलट जास्त खर्च होऊ शकते.