मनगट, काठी आणि चेंडू

गोल्फ हा खेळ वऱ्हाडच्या मातीत रुजला नाही. इंग्रजांनी कलकत्त्यास १८२९ साली व मुंबईस १८४२ साली त्याचे क्लब स्थापिले. पण नागपूर-अमरावती रस्त्यावरील आमच्या तिवशापर्यंत त्याचे वारे कधी पोहोचले नाही. तथापि ज्याने येथील माळावर विटी उडवून दांडूने टोलविली आहे, त्यास प्रस्तुत विषय अगदीच परका वाटू नये. विटी कोठे जाईल हे दंडाच्या बळावर नव्हे, तर आयत्या वेळी मनगट कसे वळले त्यावर ठरते, असे खेळणारी मुले सांगतात. गोल्फचे नामांकित खेळाडूही पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगत आले. ह्या सांगण्यात तथ्य किती, ह्याचा निर्णय लागण्यास मात्र फार काळ जावा लागला.

दांडू गोल असतो. गोल्फच्या काठीच्या टोकास जड डोके व त्यास सपाट मुख असते. हे मुख चेंडूस सरळ भिडले की तिरपे, ह्यावर सारा खेळ. तिरप्या आघाताने चेंडूस फिरकी मिळते व तो वाट सोडतो, ही गोष्ट प्रथम टिपणारांत खुद्द न्यूटन होता. १६७२ साली प्रकाशाच्या रंगांवर लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात, तिरप्या रॅकेटने मारलेला टेनिसचा चेंडू वक्र मार्गाने जातो, हे आपण पाहिले असल्याचा उल्लेख त्याने जाता जाता केला आहे. पुढे बेंजामिन रॉबिन्स ह्याने तोफविद्येवरील आपला ग्रंथ १७४२ साली काढला. बंदुकीची नळी डावीकडे वाकवून त्याने गोळी झाडली. ती आधी डावीकडे निघाली, परंतु नळीत घासून मिळालेल्या फिरकीमुळे पुढे उजवीकडे वळली. हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचे किल्ले दुरुस्त करण्यास हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली मद्रासच्या दक्षिणेस सेंट डेव्हिडच्या किल्ल्यात वारला. त्याच्या शोधाचे श्रेय मात्र शंभर वर्षांनी, १८५२ साली, तीच गोष्ट पुन्हा दाखविणाऱ्या माग्नुस नामक जर्मन पंडिताच्या नावावर जमा झाले. ह्यास आम्ही इतिहासाचा अन्याय म्हणू. पण तो आता दुरुस्त होण्याजोगा नाही.

गोल्फच्या चेंडूकडे ही विद्या वळविली ती एडिंबरोच्या पीटर टेट ह्या पदार्थविज्ञानाच्या अध्यापकाने. सुमारे १८४८ पासून पिसांनी भरलेल्या कातडी चेंडूची जागा गटापर्चाच्या चेंडूने घेतली होती. हा गुळगुळीत चेंडू कोरा असता नीट उडत नसे; मार खाऊन, ओरखडे पडून जुना झाला म्हणजे सुधारे. खेळाडूंनी ह्याचे कारण न शोधता चेंडूवर आधीच खाचा पाडण्यास आरंभ केला. तोवर फिरकी म्हणजे खेळाचा दोष, अशीच शिकवण होती. टेटने चेंडूस लांब फीत बांधली, तो जवळच्या चिकणमातीत मारविला आणि फितीस पडलेले पीळ मोजले! त्यावरून त्याने सिद्ध केले की चांगल्या टोल्यात चेंडू मागच्या बाजूस वेगाने फिरत असतो व ह्याच फिरकीवर तो हवेत तरंगतो. त्याचा मुलगा फ्रेडी १८९६ व १८९८ साली हौशी खेळाडूंचा विजेता ठरला आणि १९०० साली बोअर युद्धात पडला. बापाने गणिताने ठरविलेली अंतराची मर्यादा मुलाने एका टोल्यात ओलांडली, अशी आख्यायिका फार सांगतात. आमच्या मते ती खरी असण्यापेक्षा गोड अधिक आहे. मुलाच्या मागोमाग १९०१ साली बापही गेला.

चेंडूचे कोडे असे उलगडले, पण हाताचे उरले. अमेरिकेचा बेन होगन हा आपल्या काळातील अत्यंत रेखीव खेळाडू. त्याने १९५७ सालच्या आपल्या पुस्तकात सांगितले की आघाताच्या क्षणी डावे मनगट तळवा वर येईल अशा बेताने वळू लागले पाहिजे व मनगटाचे हाड लक्ष्याकडे पुढे आलेले असले पाहिजे. हजारो शिकाऊंनी हे वाक्य प्रमाण मानून आघाताच्या क्षणी मनगट वळविण्याचा अट्टहास धरला, आणि बहुतेकांचे चेंडू झाडीत गेले.

ते का, हे १९६८ साली कॉक्रन व स्टॉब्स ह्यांच्या ग्रंथाने दाखविले. ब्रिटनमधील शास्त्रज्ञांनी काही वर्षे केलेल्या प्रयोगांचे ते फलित होय. काठी व चेंडू ह्यांचा सहवास सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतकाच असतो. तेवढ्यात दोघे मिळून जेमतेम पाऊण इंच सरकतात. आघाताची जाणीव काठीतून हातास व हातातून मेंदूस पोहोचते तेव्हा चेंडू केव्हाच सुटलेला असतो. त्या क्षणापुरते काठीचे डोके जणू हातापासून तुटलेले, आपल्याच वेगाने फेकलेले असते. तेव्हा त्या क्षणी मनगटाने काही करावे ह्याला अवकाशच नाही.

मग मनगटाचे काम कोणते? ज्याने ज्वारीच्या शेतात माचाणावरून गोफण फिरविली आहे, त्यास हे सांगावयास नको. हात पुढे धावतो, दगड मागे राहतो; मग हात मंदावतो आणि त्याचा सारा वेग दगडात उतरतो. काठी खाली येताना वाकलेले मनगट तसेच दुमडून धरावयाचे. पुढे ते उलगडते ते बव्हंशी काठीच्याच ओढीने. ह्या उलगडण्याबरोबर मुखही वळत असते. ते चेंडूपाशी येताना सरळ व्हावे, ह्याची तजवीज मुठीच्या पकडीत आणि आधीच्या हालचालीत झालेली असते. दोनशे यार्डांच्या टोल्यात मुख एक अंश तिरपे असेल, तर केवळ दिशेच्या त्या चुकीने चेंडू सुमारे दहा फूट बाजूस पडतो. फिरकीने होणारे विचलन त्याहून निराळे.

आणखी एक भ्रम अधिक चिवट ठरला. चेंडू काठीच्या मार्गाने निघतो व मागाहून मुखाच्या दिशेस वळतो, असे विसाव्या शतकातील पुष्कळ शिक्षक शिकवीत. वस्तुस्थिती बरीच उलटी आहे: चेंडू निघतो तो मुख्यत्वे मुखाच्या दिशेने, आणि मुख व मार्ग ह्यांच्यात अंतर पडले म्हणजे त्यास वळण मिळते. कॉक्रन व स्टॉब्स ह्यांनी हे छापले असूनही ते शिकविणाऱ्यांच्या कानी गेले नाही. चालू शतकाच्या आरंभी चेंडूचा माग काढणारी रडारयंत्रे मैदानावर आली, तेव्हा कोठे ते मान्य झाले. मौज ही की जुने उस्ताद तोंडाने चुकीचे सांगत असता त्यांचे हात बरोबर चालत होते. नाहीतर ते जिंकलेच नसते.

म्हणून होगनचे वाक्य आम्ही खोटे म्हणत नाही. आपल्या हातास काय वाटते ते त्याने प्रामाणिकपणे लिहिले. चेंडूपाशी काय घडते ते त्यास दिसणे शक्य नव्हते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या, १९१४ पासून चालत आलेल्या संस्थेत लाठी वा मल्लखांब शिकणारास हा भेद चटकन उमगेल. लाठीचा हात पुस्तक वाचून कोणास आल्याचे आमच्या ऐकिवात नाही. आणि होगनच्या पुस्तकाचे वाचक तर बहुधा त्याच्या हातापासून हजारो मैल दूर बसले होते.