आठवडा आधीच विकत घेतलाय, मग हॉटेलचं कार्ड कशाला?

परवा एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर एक निवृत्त सर भेटले. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनी २५ वर्षांची हॉलिडे मेंबरशिप घेतली होती. आता बँकेचा फोन आलाय, हॉटेलवालं क्रेडिट कार्ड घ्या, पॉइंट मिळतील. म्हणाले, "काय पत्रकार, घेऊ का?"

मी लगेच बोललो नाही. कारण "लकी ड्रॉ लागलाय, जोडीनं या" अशा फोनला भुलून, दोन तास प्रेझेंटेशन ऐकून सही ठोकून आलेल्यांत मीही आहे. सहलीला जा नाहीतर घरी बसा, मेंटेनन्सचं बिल दरवर्षी येतंच. म्हणून म्हटलं, आधी या दोन्ही गोष्टी आल्या कुठून ते बघू.

टाइमशेअरची कल्पना युरोपातली. १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग ही कंपनी निघाली. हिशोब साधा होता: सुट्टीसाठी अख्खं घर परवडत नाही ना, मग शेअर घ्या आणि वाट्याचे दिवस राहा. पुढे हे लोण अमेरिकेत गेलं. तिथे १९७४ साली आरसीआय सुरू झाली. तुमचा आठवडा द्या, दुसऱ्याचा दुसऱ्या गावातला घ्या.

कार्डाची वाट वेगळी. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब आलं. जेवा आता, पैसे महिन्याने द्या. १९८१ ला अमेरिकन एअरलाइन्सने प्रवाशांना मैल मोजून बक्षीस द्यायला सुरुवात केली. ते बघून हॉटेलवाले जागे झाले. १९८३ मध्ये मॅरियटने पॉइंट सुरू केले आणि पुढच्याच वर्षी, १९८४ ला, ती टाइमशेअरच्या धंद्यातही उतरली.

गोम इथेच आहे. तिकडे हॉटेल, पॉइंट आणि टाइमशेअर एकाच घरातले. २०११ मध्ये मॅरियटचा टाइमशेअर वेगळ्या कंपनीत गेला, पण नाव आणि पॉइंटांचं नातं राहिलं. तिथल्या बऱ्याच मालकांना आपला आठवडा देऊन हॉटेलचे पॉइंट घेता येतात. त्यामुळे तिथे कार्ड घ्यावं का, हा प्रश्न रास्त आहे.

आपल्याकडे तसं घडलं नाही. स्टर्लिंग १९८६ ला आली, महिंद्रा हॉलिडेज १९९६ ला. दोन्ही देशी, आणि परदेशी हॉटेल साखळ्यांशी त्यांचं असं नातं नव्हतं. मॅरियटचं एचडीएफसी बँकेसोबतचं कार्ड थेट २०२३ मध्ये आलं. त्याचे पॉइंट दुसऱ्या कंपनीच्या मेंटेनन्सला चालत नाहीत.

आता आकडे बघा. हे कार्ड आलं तेव्हाच्या अटी: वर्षाची फी ३,००० रुपये, जीएसटी धरून ३,५४०. त्यावर १५,००० पॉइंटांपर्यंतची एक रात्र फुकट. किरकोळ खर्चावर १५० रुपयांना २ पॉइंट. समजा मेंटेनन्सचे २०,००० रुपये कार्डावर भरले आणि त्यावर याच दराने पॉइंट मिळाले, तर होतात फक्त २६६. नुसत्या अशा खर्चातून १५,००० जमवायचे तर सव्वा अकरा लाख रुपये खर्चावे लागतील! आणि बिल थकलं तर? महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरा, २०,००० वर ७०० रुपये झाले. क्रेडिट कार्डाच्या व्याजावर ग्राहक आयोगाने २००८ मध्ये घातलेली ३० टक्क्यांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली, हेही ध्यानात ठेवा.

मग कार्ड वाईटच का? नाही. वर्षातून एकदा तरी त्या साखळीच्या हॉटेलात राहणारच असाल, ती खोली साडेतीन हजारांहून महाग असेल आणि बिल दर महिन्याला पूर्ण भरत असाल, तर ती एक रात्र फी वसूल करून देते. पण ज्याची सुट्टी आधीच एका कंपनीकडे बांधलेली आहे, तो हॉटेलात राहणार कधी?

सरांना एवढंच म्हणालो, "सर, पहिल्या सहीचे दिवस अजून दहा वर्षं वापरायचे बाकी आहेत. ते आधी वसूल करा, दुसरी सही नंतर."

तुमच्यापैकी कोणी मेंटेनन्स कार्डावर भरत असेल तर खरा हिशोब कमेंटमध्ये लिहा. बाकीच्यांना उपयोग होईल.