सिंकोनाची सागरयात्रा

बियांच्या मानाने जिवंत रोपे परदेशी नेणे फार कठीण असे. जहाजावरील गोड्या पाण्याची टंचाई, खारा वारा आणि उष्ण कटिबंधातील ऊन यांमुळे दीर्घ प्रवासात बहुतेक रोपे मरत. लंडनमधील वैद्य नॅथॅनियल वॉर्ड यांना १८२९ मध्ये बंद काचपात्रातील ओलसर मातीत नेचा उगवलेला आढळला. मातीतील ओलावा वाफ होऊन काचेवर जमे व पुन्हा मातीत उतरे. या तत्त्वावर त्यांनी काचेच्या बंदिस्त पेट्या करवून १८३३ मध्ये सिडनीस धाडल्या. रोपे जिवंत पोहोचली. तेव्हापासून वनस्पतींच्या स्थलांतराचे श्रेय मुख्यतः या पेटीस देण्यात येते. सिंकोनाचा इतिहास पाहता ते अपुरे ठरते.

हिवतापावरील क्विनीन ज्या सालीपासून मिळते, ती सिंकोनाची झाडे मूळची अँडीज पर्वताच्या उतारांवरील होत. हिंदुस्थानात त्यांची लागवड व्हावी म्हणून क्लेमेंट्स मार्कम यांनी १८६० मध्ये दक्षिण पेरूतून रोपे मिळविली. वॉर्डच्या पेट्यांतून ती पनामा, इंग्लंड, तांबडा समुद्र व मुंबई या मार्गाने उटकमंडच्या वनस्पती-उद्यानात आणली गेली. पण वाटेतील उष्म्याने ती इतकी खंगली होती की अखेरीस एकही जगले नाही. त्याच मोहिमेत रिचर्ड स्प्रूस यांनी एक्वादोरमध्ये चिंबोराझोच्या पश्चिम उतारावर तांबड्या सालीच्या जातीची रोपे तयार केली. १८६१ च्या प्रारंभी रॉबर्ट क्रॉस यांनी ६३७ रोपे ग्वायाकीलहून नेली. त्यांतील ४६३ हिंदुस्थानात पोहोचली. पेटी दोन्ही वेळी एकच होती. मात्र क्रॉस यांची रोपे कडक उन्हाळ्यापूर्वी तांबड्या समुद्रातून पार झाली आणि त्यांची जातही मुळात काटक होती.

तथापि या जातीच्या सालीत क्विनीनचे प्रमाण बेताचेच असे. ते विपुल असलेली झाडे ओळखण्याची पारख बोलिव्हियातील मानुएल इन्क्रा मामानी या साल गोळा करणाऱ्या आयमारा गृहस्थास होती. त्याने जमविलेले बी चार्ल्स लेजर याने १८६५ मध्ये युरोपात पाठविले. ब्रिटिश सरकारने ते घेतले नाही. डच सरकारने त्यातील थोडे विकत घेऊन जावात पेरले. पुढे दुसऱ्या महायुद्धापर्यंत जगाच्या क्विनीन-व्यापारावर जावाचेच वर्चस्व राहिले. पेटीने रोप जगविता येत होते. कोणते रोप जगवावे, हे सांगणारे ज्ञान अरण्यातील माणसांजवळ होते.

वनस्पतिशास्त्राच्या परिभाषेत या ज्ञानाची नोंद उमटली नाही. लिनिअसने १७४२ मध्ये या वृक्षकुलास नाव दिले ते पेरूच्या स्पॅनिश व्हाइसरॉयच्या पत्नीवरून. जावातील जातीस लेजरचे नाव मिळाले. मामानीच्या वाट्यास तुरुंगवास, मारहाण व मृत्यू आला. त्याच्या भूमीची खूण औषधाच्या नावात मात्र उरली आहे. ‘क्विनीन’ या शब्दाचे मूळ ‘साल’ या अर्थाच्या केचुआ शब्दात मानले जाते. मराठीतील ‘कोयनेल’ हे त्याचेच दूरवर पोहोचलेले रूप होय.