मणक्यांचा क्षय : शस्त्र आणि औषध

१९६७ च्या सुमारास बरकतपुऱ्यातील आमच्या घराच्या ओसरीवर माझी धाकटी आत्या आठ महिने प्लास्टरच्या साच्यात उताणी पडून होती. तिच्या मणक्यांना क्षय झाला होता. शस्त्रक्रिया करावी की नाही, यावर घरात रोज खल चाले. पंजागुट्ट्याला निजामाच्या धर्मादाय ट्रस्टने उभारलेले अस्थिरुग्णालय (आजचे ‘निम्स’) होते. तेव्हा सोय नव्हती असे नाही. आजोबा मात्र ‘पाठीला चाकू नको’ यावर अडून बसले. त्यामागे शास्त्र नव्हते, भीती होती.

या रोगाचे वर्णन लंडनच्या पर्सिव्हल पॉटने १७७९ मध्ये केले. पाठीला पोक येते आणि पाय लुळे पडतात, हे त्याने नेमके टिपले. १९११ मध्ये न्यूयॉर्कला अल्बी आणि हिब्ज यांनी, स्वतंत्रपणे, मणके एकमेकांशी सांधण्याची शस्त्रक्रिया केली. अल्बीने त्यासाठी रुग्णाच्याच नडगीचे हाड वापरले. कणा स्थिर होई, पण जंतू आतच राहत. ते मारणारी औषधे, स्ट्रेप्टोमायसिन आणि आयसोनियाझिड, १९५२ पर्यंत हाती आली. त्यांच्या आधारावर हाँगकाँगच्या हॉजसन व स्टॉक यांनी समोरून कण्यापर्यंत पोचून सडलेले हाड काढण्याची व तेथे नवे हाड बसविण्याची पद्धत १९५६ मध्ये मांडली. तिचा बोलबाला जगभर झाला. मात्र तिला निष्णात सर्जन हवा, भूलतज्ज्ञ हवा, रक्त हवे. हे सारे आमच्या जिल्ह्यांच्या गावी कोठून आणायचे?

याचे उत्तर भारतातच शोधले गेले. वाराणसीचे डॉ. सुरेंद्र मोहन तुली यांनी १९७५ मध्ये ‘मध्यम मार्ग’ प्रसिद्ध केला : आधी औषधे, आणि त्यांनी न भागल्यास शस्त्रक्रिया. पाय लुळे पडलेल्या त्यांच्या रुग्णांपैकी एक तृतीयांशाहून अधिक चाकूविना बरे झाले. मद्रासच्या क्षयरोग संशोधन केंद्राने तर हाँगकाँगची शस्त्रक्रिया आणि हिंडत्याफिरत्या रुग्णांना दिलेली औषधे यांची थेट तुलना केली. दहा वर्षांनंतरचा निष्कर्ष १९९९ मध्ये आला : शस्त्रक्रिया झालेल्यांत ९० टक्के, तर नऊ महिने केवळ औषधे घेतलेल्यांत ९९ टक्के रुग्णांची स्थिती समाधानकारक होती. याचा अर्थ शस्त्रक्रिया निकामी ठरली, असा मात्र कोणी घेऊ नये. पायांतील शक्ती परत येत नसेल, मणके ढासळून अस्थिर झाले असतील, किंवा वाढत्या वयाच्या मुलाचे पोक वाढत असेल, तर आजही स्क्रू व सळ्या घालून कणा सावरावा लागतो.

आजोबांचा हट्ट असा उशिरा का होईना, पुष्कळसा खरा ठरला. प्लास्टरचे मात्र तसे नाही. कोरियातील मासान व पुसान येथील चाचण्यांचे अहवाल १९७३ पासून प्रसिद्ध होऊ लागले. योग्य औषधे चालू असता अंथरुणावर पडून राहण्याने वा प्लास्टरने अधिक लाभ होत नाही, असे त्यांत आढळले. आत्या आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, किंचित वाकून पण स्वतःच्या पायांनी चालते. मी तिला हे वाचून दाखविले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “अरे, त्या आठ महिन्यांत माझी मॅट्रिकची परीक्षा गेली.”