काव्यसंज्ञा, मराठी : गोदाकाठच्या उदाहरणांसह

कवितेची रचना, तिचा नाद, अर्थ आणि प्रकार ओळखण्यासाठी वापरले जाणारे शब्द म्हणजे काव्यसंज्ञा. मराठीतील या संज्ञा तीन वाटांनी आल्या : संस्कृत काव्यशास्त्रातून (गण, रस, अलंकार), लोकांच्या कामातून व भक्तीतून (ओवी, अभंग, भारूड), आणि फार्सी-उर्दू व युरोपीय काव्यातून (गझल, सुनीत, मुक्तछंद). परभणी जिल्ह्यातील पालम आणि शेजारचे गंगाखेड हा गोदावरीच्या दक्षिणेकडचा पट्टा या तिन्ही वाटा समजून घेण्यास सोयीचा आहे. गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मस्थान. इथल्या गावांची नावे, कापसाची शेते आणि जात्यावरची गाणी यांतूनच पुढील बहुतेक संज्ञा उलगडता येतात.

अक्षर, मात्रा आणि गण : ऱ्हस्व स्वराचे अक्षर लघू, त्याची एक मात्रा. दीर्घ स्वराचे किंवा अनुस्वारयुक्त अक्षर गुरू; त्याच्या दोन मात्रा. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तर तेही गुरू होते. ‘सत्य’मधला ‘स’ गुरू, पण ‘तुझ्या’मधला ‘तु’ लघूच राहतो. बोलताना आपण ‘पालम्’ म्हणतो, परंतु पद्यात त्याची तीन अक्षरे मोजतात : पा-ल-म, म्हणजे गुरू, लघू, लघू, मात्रा चार. तीन अक्षरांच्या अशा गटाला गण म्हणतात. गण आठ आहेत : य, म, त, र, ज, भ, न, स. ‘यमाताराजभानसलगम्’ हे त्यांचे पाठांतरसूत्र. सूत्रातील कोणत्याही गणाच्या अक्षरापासून सलग तीन अक्षरे घेतली की त्या गणाची मांडणी मिळते. ‘भानस’ पाहिले की कळते, पालम हा भगण आहे. ‘गंगाखेड’ची पहिली तीन अक्षरे मगण, ‘परभणी’ची नगण, ‘गोदावरी’ची तगण, तर ‘जनाबाई’ची यगण.

वृत्त, जाती आणि छंद : लघु-गुरूंचा क्रम ठरलेला असेल तर ते अक्षरगणवृत्त. चार यगण म्हणजे बारा अक्षरे एका चरणात आली की भुजंगप्रयात होते. रामदासांचे ‘मनाचे श्लोक’ याच वृत्तात आहेत. केवळ मात्रांची संख्या ठरलेली असेल तर ती जाती किंवा मात्रावृत्त. मोरोपंतांची आर्या या वर्गातली. अक्षरांची संख्या ठरलेली, पण लघु-गुरूचे बंधन नाही, असा तिसरा वर्ग छंदाचा. या तीन वर्गांची मराठीतील सर्वांत भक्कम मांडणी माधव जूलियन (माधव त्र्यंबक पटवर्धन) यांच्या ‘छंदोरचना’ या ग्रंथात आहे. चरण म्हणजे कडव्यातील एक पाद, यती म्हणजे चरणातील विसाव्याची जागा, आणि ध्रुवपद म्हणजे गाताना पुन्हा पुन्हा घेतली जाणारी ओळ.

ओवी : मराठीतील सर्वांत जुन्या रचनाप्रकारांपैकी एक. या नावाचे नाते ‘ओवणे’ या क्रियापदाशी जोडले जाते. चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. म्हणजे ग्रंथात येण्याआधी ओवी उखळ-मुसळापाशी नांदत होती. तिची दोन रूपे मानतात. ग्रंथ-ओवीचे चरण चार. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि बहुधा यमकाविना. 1290 मध्ये सिद्ध झालेली ‘ज्ञानेश्वरी’ या ओवीत असून तिच्यात सुमारे नऊ हजार ओव्या आहेत. दुसरी कंठस्थ किंवा जात्यावरची ओवी. तिची अक्षरसंख्या सैल असते. गाणारी बाई स्वर लांबवून किंवा शब्द आवळून तिला जात्याच्या फेऱ्यात बसवते. माहेर, भाऊ, लेक, पंढरी, पाऊस हे तिचे विषय. पहिली ओवी देवाला, मग आई-बापाला, मग भावंडांना असा क्रमही पुष्कळदा पाळला जातो.

अभंग : ओवीतूनच घडलेला, वारकरी संतांनी गाण्यासाठी वापरलेला छंद. मोठ्या अभंगात चार चरण असतात. पहिल्या तिन्हींत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक जुळते. लहान अभंगात साधारण आठ-आठ अक्षरांचे दोन चरण आणि शेवटी यमक असते. नमुन्यादाखल रचलेल्या या दोन ओळी मोजून पाहाव्यात :

गंगाकाठी माझे गाव
जात्यापाशी त्याचे नाव

प्रत्येक ओळीत आठ अक्षरे आहेत. ‘गाव-नाव’ हे यमक. गाताना अक्षर कमी-अधिक झाले तरी ताल ते सांभाळून घेतो, म्हणून जुन्या गाथांत मोजणी नेहमी काटेकोर दिसत नाही. अभंगाच्या अखेरीस कवी आपले नाव गुंफतो. त्याला नाममुद्रा म्हणतात. जनाबाई पंढरपूरला नामदेवांच्या घरी वाढल्या आणि त्यांनी स्वतःला नामदेवांची दासी म्हणवले; त्यांच्या नाममुद्रेत हे नाते जपले आहे. दळण, कांडण, शेणी वेचणे ही त्यांची रोजची कामे त्यांच्या अभंगांचा विषय झाली. ज्या जात्यावर ओवी जन्मली, तेच जाते त्यांच्याकडे भक्तीची जागा झाले.

शब्दशक्ती : शब्दाचा सरळ अर्थ देणारी ती अभिधा. सरळ अर्थ जुळत नाही तेव्हा त्याच्याशी संबंधित दुसरा अर्थ देणारी ती लक्षणा. त्यापलीकडचा सूचित अर्थ जाणवून देणारी ती व्यंजना. संस्कृत काव्यशास्त्रात लक्षणेचे ठरलेले उदाहरण ‘गंगेवर गवळीवाडा’ असे आहे. प्रवाहावर वस्ती असू शकत नाही, म्हणून ‘गंगेवर’चा अर्थ ‘गंगेच्या काठावर’ असा घ्यावा लागतो. आणि काठ न म्हणता गंगाच म्हटल्यामुळे तिथला गारवा व पावित्र्य सुचते, ती व्यंजना. गोदाकाठच्या लोकांना हे उदाहरण पाठ करावे लागत नाही. इथे गोदावरीलाच गंगा म्हणतात आणि ‘आमचे शेत गंगेवर आहे’ हे रोजचे बोलणे आहे. गंगाखेड या नावातही तीच गंगा आहे.

अलंकार : अर्थाला किंवा नादाला शोभा आणणारी रचना. अर्थालंकारांतील फरक एकाच शेतात उभे राहून दाखवता येतो. ‘फुटलेला कापूस चांदण्यासारखा शुभ्र दिसतो’ ही उपमा : कापूस हे उपमेय, चांदणे हे उपमान, शुभ्रपणा हा समान धर्म, ‘सारखा’ हा साम्यवाचक शब्द. ‘कापूस म्हणजे जणू शेतात उतरलेले चांदणेच’ ही उत्प्रेक्षा. ‘बायकांनी कापूसरूपी चांदणे ओटीत भरले’ हे रूपक. दोन्ही एकरूप झाली. ‘हा कापूस नव्हे, चांदणेच’ ही अपन्हुती, उपमेय नाकारले. ‘चांदण्याहून शुभ्र हा कापूस’ हा व्यतिरेक. उपमेय उपमानापेक्षा वरचढ ठरले. शब्दालंकारांत अनुप्रास म्हणजे एकाच वर्णाची पुनरावृत्ती आणि श्लेष म्हणजे एका शब्दाचे दोन अर्थ. यमक या शब्दाबाबत सावध राहावे. संस्कृतात तो तीच अक्षरे वेगळ्या अर्थाने पुन्हा येण्याला लावतात. मराठीत मात्र चरणान्ती जुळणाऱ्या अक्षरांनाही यमकच म्हणण्याचा प्रघात आहे.

रस : काव्याने मनात जागणारा आस्वाद. भरताच्या नाट्यशास्त्रात शृंगार, हास्य, करुण, रौद्र, वीर, भयानक, बीभत्स, अद्भुत असे आठ रस आहेत. शांत हा नववा नंतर मानला गेला. भक्ती आणि वत्सल यांनाही स्वतंत्र रस म्हणावे, असे मत आहे. जनाबाईंचा विठ्ठल कधी माऊली असतो, कधी दळणाला हात लावणारा सोबती. तो वाचताना या मताचे बळ पटते.

प्रकारवाचक संज्ञा : भारूड हे लोकजीवनातील सोंगे घेऊन अध्यात्म सांगणारे रूपकात्मक गीत, गोदाकाठच्याच पैठणच्या एकनाथांनी त्याला वैभव दिले. गौळण कृष्णलीलेची, विराणी विरहाची, धवळे लग्नप्रसंगीचे, पोवाडा पराक्रमाचा, फटका उपदेशाचा, भूपाळी पहाटेची. सुनीत ही चौदा ओळींची कविता केशवसुतांनी मराठीत आणली. मुक्तछंद कवी अनिल यांनी रुजवला. त्यात ठरलेली चरणलांबी नसली तरी लय असते, त्यामुळे त्याला गद्य म्हणणे चुकीचे ठरते.

गझलेचे घटक सुटे समजून घ्यावेत. दोन ओळींचा शेर, त्यातील एक ओळ म्हणजे मिसरा. प्रत्येक शेर अर्थाने स्वयंपूर्ण. ‘गाव होते’, ‘नाव होते’ अशा शेवटांत ‘होते’ हा रदीफ, ‘गाव-नाव’ हा काफिया. दोन्ही ओळींत हे पाळणारा पहिला शेर मतला. कवीचे टोपणनाव येणारा शेवटचा शेर मक्ता. 1948 पर्यंत परभणी जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती. त्यामुळे हे शब्द मराठवाड्याला परके नव्हते. मराठीत माधव जूलियन यांनी गझल आणली आणि सुरेश भटांनी ती घरोघरी पोचवली. मक्त्यातील टोपणनाव आणि अभंगातील नाममुद्रा यांची सवय एकच : कवी अखेरीस आपल्या नावाने समोर येतो.

सद्यःस्थिती : पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाते कोपऱ्यात गेले, ओवी ज्या कामाला लगडून होती ते कामच थांबले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, अनेकींचे आवाज ध्वनिमुद्रित केले. हे काम मोलाचे आहे, कारण अक्षरे आणि चरण कागदावर उतरतात, पण सैल अक्षरसंख्येला फेऱ्यात बसवणारा लांबवलेला स्वर फक्त आवाजात असतो. पहाटे जात्यावर बसलेल्या पिढीतील बायका आज म्हाताऱ्या आहेत. ओवीची व्याख्या पुरी व्हायची तर त्यांच्यापैकी कुणाजवळ तरी बसून ती ऐकली पाहिजे.